मदत हवी आहे: कॉन्टेसा परत रस्त्यावर आणायची आहे, बजेट ३ लाख

बोरिवली_पश्चिम
नमस्कार. घरातली कॉन्टेसा क्लासिक (हिंदुस्तान मोटर्सची जुनी मोटार) पुन्हा उभी करायची आहे. बजेट ३ लाख, अगदीच ताणलं तर साडेतीन. असं काम पहिल्यांदाच करतोय. एका गॅरेजवाल्याने पूर्ण डेंटिंग-पेंटिंगचे १ लाख ४० हजार सांगितलेत. रविवारपर्यंत ४० हजार टोकन दिलं तर पावसाच्या आत गाडी देतो म्हणतोय. प्रश्न दोनच आहेत: भाव बरोबर आहे का, आणि रंग काळा घेऊ की मूळचा पांढराच ठेवू? प्लीज लवकर सांगा, आज गुरुवार आहे.

अवजारपेटी
टोकन देऊ नका. आधी एवढं सांगा: गाडी कुठल्या सालची? इंजिन १.८ इसुझू की जुनं १.५? किती वर्षं बंद आहे, उघड्यावर की छपराखाली? क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने फिरतो का? आरसी (नोंदणीपुस्तक) कोणाच्या नावावर आणि कधीपर्यंत वैध? रोज चालवायची की सुट्टीपुरती? यातलं काहीच माहीत नसताना रंगाच्या भावावर कोण काय बोलणार?

फियाटप्रेमी
रंगाचं विचारलंय म्हणून सांगतो. काळ्यावर पत्र्याची प्रत्येक लाट दिसते. कॉन्टेसाचे दरवाजे लांब आणि सपाट, त्यामुळे काळा करायचा तर ब्लॉक सँडिंगलाच (ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून पत्रा सपाट घासायला) दुप्पट दिवस लागतात. पांढरा बऱ्याच गोष्टी झाकतो. शिवाय रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. खरं तर पहिल्याच कामाला प्रीमियर पद्मिनी घ्यायला हवी होती, सुटे भाग तिचे सोपे मिळतात.

बोरिवली_पश्चिम
पद्मिनी घ्यायची नाहीये, हीच गाडी आहे. १९९६ ची, १.८ पेट्रोल, एमएच-०२. ७ वर्षं बंद. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे, वर छप्पर नाही, पण कव्हर कायम होतं. बाहेरून पत्रा चांगला वाटतो, दोन-तीन ठिकाणी फुगवटा आहे तेवढाच. इंजिन अजून चालू केलेलं नाही. उद्या नवीन बॅटरी आणून सेल्फ मारतो, म्हणजे कळेल.

नागदेवी_बेअरिंग
सेल्फ मारू नका! ७ वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल उतरून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा जागीच चिकटू शकतात. तशात स्टार्टर फिरवला की रिंग तुटते किंवा बोअरवर ओरखडे पडतात. मग जे काम प्लग आणि तेलात भागलं असतं ते बोअरिंगपर्यंत (सिलिंडर नव्याने कोरण्यापर्यंत) जातं.

चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात १०-१५ मिली पातळ तेल सोडून एक-दोन दिवस थांबा. मग गाडी न्यूट्रलला टाकून क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा सॉकेट लावा आणि हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे द्या. अडलं तर जोर करायचा नाही, थोडं मागे, थोडं पुढे, परत तेल. मोकळा फिरला की इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. त्यानंतर प्लग न लावताच सेल्फ मारून ऑइल प्रेशर येतंय का बघा. प्रेशर आल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजायचा), आधी कोरडी, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून. तेलाने आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघायचं.

डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल चेंबरमध्ये उतरलंय.

पत्रा_आणि_टाका
कव्हर कायम होतं हे चांगलं लक्षण नाही. मुंबईच्या हवेत उघड्यावर प्लास्टिकचं कव्हर म्हणजे आतला ओलावा आतच. "बाहेरून चांगला" याला अर्थ नाही, कॉन्टेसा आतून बाहेर सडते. रंगाला फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा आधीच गेलेला असतो.

चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून खालच्या कडांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मग कार्पेट उचला आणि खालची डांबरी शीट सोलून बघा. हे केल्याशिवाय फ्लोअर ठीक आहे म्हणायचं नाही. रनिंग बोर्ड (दरवाज्यांखालची पेटी) खालून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द वाजलं तिथे टोक दाबा. अजून बघायचं ते: बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीचा खळगा, दरवाज्यांच्या तळाची घडी, मडगार्डचा चाकामागचा भाग आणि पुढच्या काचेच्या बीडिंगखालची (काचेभोवतीच्या रबराखालची) कड.

ही मोनोकॉक गाडी आहे, वेगळी चॅसी नाही. रनिंग बोर्ड आणि फ्लोअर हाच तिचा कणा. तो सडलेला असताना वरून रंग लावला तर दोन पावसाळ्यांत फुगून येईल.

सीएसटी_रोड
पत्र्याला एवढं घाबरायचं कारण नाही. फ्लोअरला जीआय (जस्त चढवलेला) पत्रा टाका, गंजतच नाही. छोट्या भोकांवर फायबर मारून पुट्टी करा. निम्म्या पैशात काम होतं.

पत्रा_आणि_टाका
जीआय गंजत नाही तो जस्तामुळे, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकं टाक्याजवळचं जस्त जळून जातं. म्हणजे जिथून गंज सुरू होतो तिथेच संरक्षण नाही. शिवाय तो धूर विषारी, बंद गाळ्यात तर अजिबात नको. सडक्या पत्र्यावर फायबर मारलं की पाणी मधे अडकतं आणि बाहेर काही न दिसता आतून पत्रा संपतो.

सीआरसी (जस्त नसलेला, थंड लाटलेला) पत्रा घ्या: रनिंग बोर्ड, फ्लोअर, जॅकिंग पॉइंटला (जिथे जॅक लावतात) १८ गेज, बाहेरच्या पॅनेलला २० गेज. कळंबोलीला किंवा कर्नाक बंदरला मिळतो. वेल्डिंग मिगनेच (वायर आणि गॅसवाल्या विजेच्या मशीनने), ०.६ किंवा ०.८ ची वायर. गॅस वेल्डिंगने मोठं पॅनेल तापून वाकतं आणि मग ते सरळ दिसावं म्हणून पाव इंच पुट्टी चढते. पुट्टीचा थर २-३ मिमीच्या वर गेला की पुढे तडकणार. टाके सलग ओढायचे नाहीत. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा. जिथे कंपनीचे स्पॉट वेल्ड होते तिथे ८ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड (भोक टाक्याने भरायचं). घडीच्या आत वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर, आणि सगळं संपल्यावर पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंजरोधक मेण).

सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड एका वेळी कापू देऊ नका. दरवाज्याच्या चौकटीत चौरस पाइपाची तिरकी बांधणी टाका, एक बाजू कापा, पूर्ण करा, दरवाजा लावून वरची-खालची फट मोजा, मगच दुसरी. हे चुकलं तर गाडी मधून खचते आणि दरवाजे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत.

व्ही८_दादर
विषय थोडा वेगळा, पण लोक कॉन्टेसाला भारतीय मसल कार का म्हणतात ते समजत नाही. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठा व्ही८, जशी १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ, ३८९ घन इंच. कॉन्टेसा मूळची व्हॉक्सहॉल व्हिक्टर एफई, इंग्लंडची फॅमिली सलून. पहिल्या गाड्यांत तर अॅम्बॅसिडरचंच १.५ इंजिन होतं.

भांडुपकर
इंजिनावरून नाही, चेहऱ्यावरून म्हणतात. लांब बोनेट, आडवी जाळी, मागच्या चाकांना ताकद. @बोरिवली_पश्चिम, एवढा खर्च करताय तर मोठं सहा सिलिंडरचं इंजिनच बसवून घ्या ना, नाव सार्थ होईल.

आरटीओ_खिडकी
कृपा करून बसवू नका. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी लागते, नुसती पावती दाखवून भागत नाही. गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि ब्रेकही त्या ताकदीचे नाहीत.

बरं, आरसीचं उत्तर अजून आलेलंच नाही. कोणाच्या नावावर आहे?

बोरिवली_पश्चिम
सासऱ्यांच्या. ते आता नाहीत. आरसी २०१६ पर्यंत होती. ते काम एजंट करेल, त्यात काय एवढं. मला रंगाचं सांगा ना.

कांदिवली_लोकल
१५ वर्षांवरची गाडी आता भंगारातच द्यावी लागते. उगाच पैसे घालवू नका.

आरटीओ_खिडकी
तो नियम दिल्ली परिसराचा आहे. मुंबईत तपासणीत पास झाली तर नोंदणीचं नूतनीकरण होतं, एका वेळी ५ वर्षांसाठी.

कामाचा क्रम असा. आधी मालकी: फॉर्म ३१, सोबत मृत्यू दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत. सासूबाई आणि मेहुणे-मेहुण्या ज्या असतील त्या सगळ्यांच्या सह्या, आत्ताच. गाडी चकचकीत झाल्यावर मागायला गेलात तर घरात वेगळंच बोलणं सुरू होतं. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. मग फॉर्म २५ ने नूतनीकरण. २० वर्षांवरच्या मोटारीला शुल्क १० हजार, शिवाय उशिराचे महिन्याला ५०० आणि पर्यावरण कर. तुमचा उशीर मोठा आहे, तो आकडा खिडकीवर काढून घ्या आणि बजेटमध्ये आजच लिहा. विमा, पीयूसी, एचएसआरपी (सुरक्षा नंबर) पाटी वेगळी.

व्हिंटेज नोंदणी कोणी सुचवली तर नाही म्हणा, त्याला गाडी ५० वर्षांवरची लागते.

आणि डेंटरला बजावून सांगा, चॅसी नंबर कोरलेल्या पत्र्याला कटर, ग्राइंडर, पॉलिश पेपर काही लावायचं नाही. तपासणीत नंबर वाचता आला नाही तर बाकी सगळं काम वाया.

सुपर्णा_के
विम्यासाठी झिरो डेप घ्यावा की साधा? माझ्या हॅचबॅकचा या महिन्यात संपतोय.

अवजारपेटी
सुपर्णाताई, त्यासाठी वेगळा धागा काढा.

@बोरिवली_पश्चिम, आता रंगाचं उत्तर. मेअखेर चालू आहे. "पावसाच्या आत" हाच त्या ऑफरमधला खड्डा आहे. एवढ्या दिवसांत काच काढून, पत्रा कापून, प्रायमर सुकवून रंग होत नाही, होतो तो पुट्टीवर रंग. जून-जुलैत तर हवेतला ओलावा प्रायमरखाली अडकतो आणि पुढच्या उन्हात बारीक फोड येतात. रंग ऑक्टोबरनंतर. उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, मग टू-के सर्फेसर (हार्डनर मिसळून मारायचा, घासून सपाट करायचा थर). रस्ट कन्व्हर्टर (गंजावर मारायचं रसायन) लावला असेल तर वरचा थर नीट धुऊन-पुसून मगच एपॉक्सी, नाहीतर ते सालासारखं सुटतं.

पावसाळ्याचे चार महिने ब्रेक, इंधन, सस्पेन्शन आणि कागद. साडेतीनपैकी ७० हजार आजच बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. पत्रा उघडला की ते लागतातच.

नागदेवी_बेअरिंग
ब्रेकबद्दल: मास्टर सिलिंडर आणि मागच्या व्हील सिलिंडरची किट, सगळे रबरी होज नवीन. सिलिंडरच्या आत बोट फिरवा, खड्डे लागले तर किट घालून उपयोग नाही, स्लीव्ह किंवा नवा सिलिंडर. फ्लुइड डॉट ४, जुनं पूर्ण काढून.

आता पंपावरचं साधं पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. १९९६ चे पाइप त्यासाठी बनलेले नाहीत, मऊ पडून झिरपतात, तेही गरम मॅनिफोल्डच्या वर. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे होज एसएई जे३० आर९ लिहिलेले घ्या. टाकी खाली उतरवून धुवा. इथेनॉल जुना चिकटा सोडवतं, म्हणून पहिले दोन फिल्टर लवकर भरतील. पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे दिसेल.

इंजिनाचे भाग शोधताना "कॉन्टेसा" एवढंच म्हणू नका, "अॅम्बॅसिडर १८०० आयएसझेड" विचारा. इंजिन तेच इसुझू, त्यामुळे गॅस्केट, रिंगा, बेअरिंग त्या नावाने लवकर निघतात. जुना भाग हातात घेऊन जा.

सस्पेन्शनचे रबरी बूश बदलले की बोल्ट गाडी हवेत असताना आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन खाली, मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

फियाटप्रेमी
पुढच्या काचेचं बीडिंग आधी शोधा, मगच काच काढा. कॉन्टेसाचं सहज मिळत नाही. जुन्याचा चार इंचाचा तुकडा कापून तसाच छेद असलेलं रबर जुळवावं लागतं.

बोरिवली_पश्चिम
शनिवार दुपार. टोकन दिलं नाही. आज सांगितलं तसं बघितलं. उजव्या रनिंग बोर्डमध्ये स्क्रू-ड्रायव्हर तीन ठिकाणी आरपार गेला. ड्रायव्हरच्या पायाखालचा नमदा ओला, पाऊस नसताना. डांबरी शीट हाताने निघाली, खालचा पत्रा पापडासारखा. काचेच्या खालच्या कडेला बीडिंग उचलल्यावर तपकिरी भुगा. प्लग काढून तेल सोडलंय, क्रँक अजून फिरवलेला नाही. मागची दोन्ही चाकं जाम आहेत. बायको आज आईशी सह्यांचं बोलतेय. गाडी कुठे न्यायची? सोसायटीत वेल्डिंग करू देणार नाहीत.

पत्रा_आणि_टाका
ओढून नेऊ नका, चाकं जाम आहेत. फ्लॅटबेडवरच. वसई-नायगावकडे चार महिन्यांसाठी गाळा बघा, खाली कोबा आणि वर पत्रा असला की पुरे.

पाऊस नसताना नमदा ओला म्हणजे पाणी कुठेतरी साठून हळूहळू उतरतंय. वायपरखालची जाळी काढा आणि तिथून खाली जाणाऱ्या दोन्ही निचऱ्याच्या वाटा तारेने मोकळ्या करा. दरवाज्यांच्या तळाची भोकंही. पाण्याची वाट सापडल्याशिवाय नवा फ्लोअर टाकायचा नाही. आणि डाव्या बाजूचं काही लिहिलं नाहीत. डावीकडेही स्क्रू-ड्रायव्हर जातो का?

बोरिवली_पश्चिम
जाळी काढली. उजव्या वाटेतून मूठभर कुजलेली पिंपळाची पानं निघाली आणि त्यामागून काळं पाणी, साधारण दोन ग्लास. डावी बाजू भिंतीला लागून आहे, गाडी हलल्याशिवाय खाली जाता येत नाही. उद्या सकाळी जॅकवर घेऊन मागचे ड्रम सोडवतो आणि मग सांगतो.

नागदेवी_बेअरिंग
ड्रम सोडवताना हँडब्रेक सोडलेला आणि केबल ढिली आहे ना बघा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. उजवा जॅकिंग पॉइंट सडलाय, तिथे जॅक पत्र्यात घुसेल. मागे अॅक्सलखाली लावा आणि वर घेतल्यावर स्टँड द्या.