मदत हवी आहे: बाबांचा पोटातला अॅन्युरिझम, ओपन सर्जरी की स्टेंट?

नमस्कार मंडळी, डोकं पार चक्रावलंय म्हणून विचारतोय. बाबा ७२ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, बिडी ४० वर्षं ओढली, आत्ता कुठे सुटलीय. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली तर प्रोस्टेट राहिलं बाजूला, पोटातली मोठी रक्तवाहिनीच फुगलेली निघाली. सीटी अँजिओत ५.८ सेमी, एरवी २ च्या आसपास असते. दुखत खुपत काही नाही, रोज रानात जाऊन येतात, त्यामुळे त्यांना पटतच नाहीये. पण पुरुषांना ५.५ च्या वर गेलं की ऑपरेशन सांगतातच, कारण फुटली तर हॉस्पिटल गाठेपर्यंतच खेळ संपू शकतो.

दोन सर्जनना दाखवलं आणि तिथेच घोळ झाला. पहिले म्हणतात ओपन करा, पोट उघडून फुगलेल्या जागी डॅक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवायची, आयसीयू वगैरे, अंगात ताकद यायला दोन-तीन महिने, पण नंतर फारसं बघावं लागत नाही. दुसरे म्हणतात ईव्हार, जांघेतून आत जाऊन स्टेंट ग्राफ्ट (कापड लावलेली जाळीची नळी) बसवायचा, दोन-तीन दिवसांत घरी. ऐकायला हेच बरं वाटतं ना, मलाही वाटलं, पण ग्राफ्टच्या कडेनं रक्त परत फुग्यात झिरपू शकतं (एंडोलीक) म्हणून जन्मभर स्कॅन करत राहायचं, आणि बाबांचं क्रिएटिनिन १.६ आहे, म्हणजे किडनी आधीच थोडी कमजोर, त्यात दर वेळी कॉन्ट्रास्ट (सीटीसाठी शिरेतून देतात ते औषध) म्हणजे किडनीची धाकधूक. ब्रिटनच्या ईव्हार-१ ट्रायलबद्दल वाचलं, सुरुवातीला स्टेंटवाल्यांचे मृत्यू कमी, पण ८ वर्षांनंतर पारडं ओपनकडे झुकलं.

खरी गोची वेगळीच आहे. बाबा गावी राहतात, बीपीची गोळी संपली तरी महिनाभर सांगत नाहीत, ते दरवर्षी स्कॅनला पुण्याला येतील? ते म्हणतात "काय कापायचं ते एकदाच कापा." आई म्हणते पोट फाडायचं नाही. कोणाच्या घरी झालंय का हे?

प्रतिसाद १:
डॉक्टर नाही मी, पण सासऱ्यांचं ईव्हार झालंय. आधी एक विचारा, नेक किती मिळतेय? म्हणजे किडनीच्या धमन्यांच्या खाली चांगली, सरळ रक्तवाहिनी किती उरलीय ते. ती आखूड किंवा फार वाकडी असेल तर साधा स्टेंट नीट बसतच नाही, मग तुमचा अर्धा वाद तिथेच मिटला. टूडी इको झाला का? ओपनमध्ये त्या मोठ्या रक्तवाहिनीला क्लॅम्प (चिमटा) लावून रक्त थांबवतात तेव्हा हार्टवर ताण येतो, त्यामुळे हार्ट कसं आहे त्यावर बरंच अवलंबून. स्कॅनचं म्हणाल तर सासऱ्यांचं पहिल्या वर्षानंतर सगळं ठीक दिसलं म्हणून आता डॉप्लर सोनोग्राफीवर भागतं, त्याला कॉन्ट्रास्ट लागत नाही. आणि बाबांना सख्खे भाऊ असतील तर त्यांचीही सोनोग्राफी करून घ्या, हे घराण्यात असू शकतं.

धागाकर्ता:
इको परवा आहे. नेकचं तर विचारलंच नव्हतं, रिपोर्ट काढून बघतो. काका दोन आहेत, दोघंही बिडीवाले.