चुलत बहिणीच्या अक्षतेला मला जायचंय, घरचे म्हणतात तू घरीच थांब. कुणाचा अनुभव आहे का?

पॅटर्न_ड्रॉइंग (कोल्हापूर)

वय २८. दोन वर्षांपूर्वी मला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याआधी सगळे घुमा आहे, माणूसघाणा आहे असं म्हणायचे आणि मला पण तेच खरं वाटायचं. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या पॅटर्नची (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात त्या नमुन्याची) ड्रॉइंग करतो, कॉम्प्युटरवर. काम चांगलं जमतं.

पुढच्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न आहे. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, लहानपणी शाळेत मला मुलं चिडवायची तेव्हा मधल्या सुट्टीत ती तिच्या वर्गातून येऊन माझ्या शेजारी बसायची, काही न बोलता डबा खायची आणि जायची. घरात ठरलंय की मी लग्नाला यायचं नाही. कुणी रागानं ठरवलेलं नाही, काकू तर स्वतः म्हणाली "मी बसतो त्याच्याजवळ घरी, कशाला लेकराला तरास". स्वतःच्या पुतणीचं लग्न सोडून ती माझ्यासाठी घरी बसायला तयार आहे, आणि मला नेमकं तेच सहन होत नाहीये.

कारण आहे त्यांच्याकडे. तीन वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या भावाचं लग्न झालं तेव्हा मी गेलो होतो. दारातच गुलाबपाणी उडवतात ते तोंडावर आलं. आत गेल्यावर एकेक नातेवाईक हात धरून "ओळखलास काय मला, सांग बघू कोण मी" असं विचारायला लागले, मला चेहरे लक्षात राहत नाहीत, आवाजावरून ओळखतो पण हॉलमध्ये सगळे आवाज एकात एक मिसळलेले असतात. फेटा चालला, घट्ट बांधलेला फेटा डोक्याला उलट बरा वाटतो, फक्त बांधणाऱ्याचा हात सारखा कपाळाला लागत होता. मंगलाष्टका पण चालल्या. त्या मला आवडतात कारण प्रत्येक वेळी शेवट "सावधान" नेच होतो, कधी संपणार ते कळतं. पण शेवटचं सावधान झालं आणि त्याच सेकंदाला बँड, हलगी, बाहेर फटाक्यांची माळ, टाळ्या, सगळं एकदम. त्यापुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आल्यासारखं झालं तेव्हा मी हॉलच्या मागं, आचाऱ्यांची भांडी घासतात तिथं पाण्याच्या टाकीला टेकून बसलो होतो. मूठ आवळलेली होती, उघडली तर अक्षता तशाच होत्या, घामानं ओल्या झालेल्या, कुंकवाचा लाल रंग तळहाताला लागलेला. माझ्या भावावर माझी एकपण अक्षता पडली नाही.

सगळ्यांना वाटतं की मला माणसं नको असतात. मला माणसं हवी असतात हो, खूप हवी असतात, मला एकदम होणारं काही नको असतं. महाद्वार रोडची विसर्जन मिरवणूक मी कधी जवळून बघितली नाही, दोन गल्ल्या सोडून घर आहे, खिडक्या लावून बसतो तरी छातीत धडधडतं. अंबाबाईचा किरणोत्सव, नोव्हेंबरातला ९, १०, ११ चा आणि ३१ जानेवारीपासूनचा तीन दिवसांचा, दरवर्षी मोबाईलवर बघतो, सूर्यकिरण चरणांपासून वर कसे सरकतात ते मिनिटासकट लिहून ठेवतो, पण गाभाऱ्यासमोर उभं राहून बघायची इच्छा तशीच राहिलीय. ते राहू दे. ही अक्षता मात्र मला टाकायचीच आहे. घरच्यांना कसं सांगू आणि तिथं काय केलं तर जमेल? आणि तुमचं किंवा तुमच्या घरातल्याचं असं काय राहून गेलंय ते पण लिहा, मला वाचायचंय.

---

बावड्याची_आई

दादा तुझी मूठ वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि परत उचलला. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, बोलत नाही. मागच्या वर्षी दोन दिवस जेवला नाही, ताट दिसलं की ढकलायचा, रात्री भिंतीवर डोकं आपटायचा, आम्ही दोघं रात्रभर त्याला धरून. सासूबाईंनी दृष्ट काढली, मी पण काढू दिली, काय करणार. तिसऱ्या दिवशी तो हसला तेव्हा मला हिरडी दिसली, मागच्या दाढेजवळ ही एवढी सुजलेली. दोन दिवस दाढ ठणकत होती आणि त्याच्याकडं सांगायला शब्द नव्हता. माझी इच्छा विचारशील तर एवढीच, त्यानं मला कुठं दुखतंय ते सांगावं. 'आई' म्हणावं ही इच्छा मी केव्हाच सोडली.

आता जेलो नावाचं अॅप वापरतोय, आयआयटी मुंबईत तयार झालेलं आहे, चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल बोलतो, मराठीतून पण. पाणी आणि भूक आलं. दुखतंय अजून नाही आलं पण मी रोज स्वतःचा गुडघा धरून ते बटण दाबून दाखवते.

लग्नाचं सांगते. आम्ही कुठंही जायचं तर आदल्या दिवशी रिकाम्या जागेत त्याला फिरवून आणतो. हॉलवाल्याला विचार, आदल्या संध्याकाळी सजावटीची माणसं असतातच, कुणी अडवत नाही. दार कुठं, मागचं दार कुठं, पाण्याची जागा कुठं हे डोळ्याखालून गेलं की अर्धं काम होतं.

---

साधा_माणूस_७७

वाईट वाटून घेऊ नका पण तुम्ही इतकं व्यवस्थित लिहिताय, नोकरी करताय, तुम्हाला ऑटिझम आहे असं वाटत नाही. माझ्या मेव्हण्याचा मुलगा आहे तसा, तो वेगळाच आहे. थोडी सवय केली, चार लग्नांना गेलात की होईल की सुरळीत.

---

पॅटर्न_ड्रॉइंग

वाईट वाटलं नाही. हे लिहायला मला चार दिवस लागले. समोर बसून कुणी विचारलं असतं तर मी "हो" किंवा "नाही" एवढंच बोललो असतो आणि घरी येऊन रात्री तीन वाजेपर्यंत काय बोलायला हवं होतं ते ठरवत बसलो असतो.

सवयीचं म्हणाल तर घरातल्या कुकरची शिट्टी मी २८ वर्षं ऐकतोय, आजही प्रत्येक शिट्टीला अंग आकसतं. न दिसता आकसायला शिकलो, तेवढीच सवय झाली.

---

विशेष_शिक्षिका (राजारामपुरी)

१५ वर्षं या मुलांबरोबर काम करतेय म्हणून थोडं सविस्तर. साधा माणूस, तुमच्या मेव्हण्याचा मुलगा आणि हे दादा दोघंही एकाच नावाखाली येतात, २०१३ पासून डॉक्टर लोक सगळ्याला ऑटिझम स्पेक्ट्रम असं एकच नाव वापरतात, कुणाला बोलता येत नाही, कुणी इंजिनिअर असतो, पण आवाज, उजेड, स्पर्श हे अंगावर येणं आणि अचानक बदल न झेपणं दोघांकडं असू शकतं. कान खराब नसतो, आवाज गाळून बाजूला टाकायचं काम मेंदू आपल्यासारखं करत नाही. आपण बोलताना पंख्याचा आवाज विसरतो, यांना पंखा, ताटं, बाळाचं रडणं, माईकची खरखर सगळं एकाच जोरात ऐकू येतं. आणि त्या दिवशी टाकीपाशी जे झालं त्याला हट्ट किंवा नाटक म्हणू नये कुणी, तो ओव्हरलोड आहे, फ्यूज उडावा तसा.

दादा, तुम्ही फौंड्री लाइनमध्ये आहात म्हणजे ग्राइंडिंगवाले कानावर मोठे इअरमफ लावतात ते तुम्ही बघितलेच असतील. ते घ्या, आत फोमचे बोळे पण घाला, दोन्ही मिळून बराच फरक पडतो, फेटा बांधायच्या आधी लावून बघा, नाहीतर फेट्यात बसणार नाहीत. बहिणीकडून दिवसाचा कार्यक्रम वेळेसकट कागदावर लिहून घ्या. आणि एक माणूस ठरवा ज्यानं तुम्ही मनगट धरलं की काही न विचारता तुमच्याबरोबर बाहेर पडायचं. काय झालं, बरं वाटत नाही का, पाणी देऊ का, यातलं एकही विचारायचं नाही. प्रश्नांनी वाढतं ते.

अजून एक, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलंय का? १९९५ च्या कायद्यात ऑटिझम नव्हता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले त्यात आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर पुढचे बरेच फायदे मिळतात, यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करता येतो. तपासणीच्या दिवशी रांगेत उभं राहणं हीच परीक्षा असते बऱ्याच जणांची, सकाळी लवकरचा नंबर घ्या. बावड्याच्या ताई, तुम्ही निरामय काढलाय का? नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात बसतो.

---

हलगी_घुमकं

भावा मी लग्नात हलगी वाजवतो, गेली ११ वर्षं. तुझं वाचलं आणि लई वाईट वाटलं, कारण शेवटच्या सावधानला एकदम उठवायचं हे आमीच करतोय. आमच्याकडं कुणीतरी हात वर करून इशारा करतो की सुरू. त्या माणसाला सांगायचं एवढंच. अक्षता पडल्यावर दोन मिनिटं थांबा म्हटलं तर आमी थांबतो, आमचं काय जातंय, उलट भटजी म्हणत्यात तेवढं निवांत म्हणू द्या. दुसरं म्हणजे आत स्टेजपाशी उठवायच्या ऐवजी गेटावर उभं राहून घुमकं आधी हळू चालू करायचं, मग हलगी, मग कैताळ, असं चढवत आत यायचं, म्हणजे माणसाला कळतंय की येतंय आता. ऐकायला पण ते जास्त भारी लागतंय खरं सांगायचं तर. आजपर्यंत मला कुणी असं सांगितलंच नाही रे. फटाक्याचं मात्र पावण्यास्नी सांगाय लागंल, ते आमच्या हातात न्हाई.

---

गंगावेश_बाबा

माझा मुलगा ३१ वर्षांचा. त्याला लग्नं फार आवडतात, आवाजाचा त्रास नाही त्याला, प्रत्येकाचं वेगळं असतं हे खरं आहे. पत्रिका आली की तो बोटानं मुहूर्त शोधतो आणि मोठ्यानं वाचतो, १२ वाजून ३५ मिनिटं. मग माझ्याकडं बघून विचारतो, बाबा माझी अक्षता किती वाजता? गेली दहा वर्षं प्रत्येक पत्रिकेला हा प्रश्न येतो. आधी मी म्हणायचो पुढच्या वर्षी. मग त्यानं कॅलेंडरवर पुढचं वर्ष शोधायला सुरुवात केली तेव्हा ते बंद केलं. आता मी काहीच बोलत नाही, त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, आणि त्याला ते आवडत नाही, हात काढून टाकतो.

आम्ही दोघं सत्तरीकडं आलो. मूल १८ वर्षांचं झाल्यावर आई-बाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत हे मला फार उशिरा कळलं, बँकेत अडलं तेव्हा. कलेक्टर ज्या समितीचे अध्यक्ष असतात त्या स्थानिक समितीकडून १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्व घ्यावं लागतं. ते केलं. पण आमच्यानंतर कुठं, कुणाबरोबर, याचा कागद कुठं मिळत नाही.

रोज संध्याकाळी आम्ही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो. म्हशीची धार काढताना तो बघत उभा राहतो, बादलीत दुधाचा आवाज सुरुवातीला टणटण येतो आणि बादली भरत आली की घुमतो, ते ऐकताना तो मान कलती करतो. तिथले गवळी त्याला ओळखतात, काही विचारत नाहीत, पेला भरून देतात. दिवसातला तेवढा अर्धा तास मला कसलीच काळजी नसते.

पोरा तू जा लग्नाला. आणि काकूंना पण जाऊ दे.

---

पॅटर्न_ड्रॉइंग

सगळं तीन वेळा वाचलं.

बहिणीला फोन करायला जमलं नाही म्हणून व्हॉट्सअपवर लिहून पाठवलं. टाकीजवळचं पण लिहिलं, ते तिला माहीत नव्हतं, तिला वाटत होतं मी कंटाळून बाहेर गेलो. तिनं रात्री उशिरा उत्तर दिलं की फटाके बंद, ती मुलाकडच्यांशी बोलली, हलगीवाल्यांना इशारा करायचं काम तिनं माझ्या भावाला दिलंय आणि तो इशारा करायच्या आधी माझ्याकडं बघणार. पप्पा अजून हो म्हणाले नाहीत. आई हॉल दाखवायला घेऊन जाणार आहे आदल्या दिवशी. मनगट धरायचा माणूस काकू. तिला मी सांगितलं काही विचारायचं नाही, ती म्हणाली "मी तोंडच उघडत न्हाई बघ". इअरमफ कंपनीतल्या एकाकडून घेऊन आलो, फेट्याच्या खाली बसतात.

हलगी_घुमकं, दोन मिनिटं म्हणजे मी १२० मोजणार आहे. १२० च्या आधी सुरू होणार नाही एवढं नक्की पाहिजे. तुमच्या गटाला यायला जमेल का ते बहिणीला विचारून कळवतो.

बावड्याची आई, मला लहानपणी दुखतंय हा शब्द येत होता तरी कुठं दुखतंय ते कळायचं नाही, सगळीकडं सारखंच वाटायचं. म्हणून कदाचित बटणाला वेळ लागत असेल. माणसाचं चित्र आणि त्यावर बोट ठेवायला जागा असं काही असेल तर त्याला सोपं जाईल का बघा, मी तसं ड्रॉइंग करून देऊ शकतो, मोठं, कुठलाही रंग.

गंगावेश_बाबा, मी दूध कट्ट्यापासून चालत १२ मिनिटांवर राहतो. तुम्ही किती वाजता असता? बादलीचा तो बदलणारा आवाज मला ऐकायचाय. मी जास्त बोलणार नाही, त्याच्या शेजारी उभा राहीन, त्याला चालणार असेल तर.