कार्यकारिणी १३ जणांची, काम तिघांचं: नव्या अध्यक्षांनी सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ:
नाशिकमधल्या एका वाचनालयाचा प्रश्न आहे. नोंदणी दोन्हीकडे, १८६० च्या संस्था कायद्याखाली आणि न्यास म्हणूनही. आजीव सभासद ३१२. कार्यकारिणी नुकतीच निवडून आलीय. १३ पैकी राबतात तिघं, आणि सगळ्या किल्ल्या कार्यवाहांकडे (कपाटाच्यासुद्धा). वार्षिक सभेला गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान हजेरी) होत नाही, अर्ध्या तासाने तहकूब सभा घेऊन उरकतात. अध्यक्षांनी पहिल्या ३ महिन्यांत नेमकं काय करावं?

ताळेबंद:
सत्काराचे हार सुकायच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची नोंद करून घ्यायचा अर्ज. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२: बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा. सोबत सभेची नोटीस आणि ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीपट, ठराव, नव्यांची संमतिपत्रं, पायउतार झालेल्यांचे राजीनामे. घोडं अडतं ते बहुतेक पोचपावत्यांवर. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होतात, संस्थेच्या घटनेत मात्र टपालाने किंवा हस्ते पोच घेऊन असं लिहिलेलं असतं. मग कोणी हरकत घेतली की निवडणूकच वादात.

उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज, वर खर्च. तोवर बँक सह्या बदलून देत नाही, चेक जुन्यांच्याच सहीने फिरतात आणि नवे अध्यक्ष लेटरहेडपुरते उरतात.

इतिवृत्त:
कागद हवेतच, पण १० जण गप्प का बसतात ते प्रोसिडिंग बुकात (सभांच्या इतिवृत्ताच्या वहीत) दिसेल. गेल्या वर्षाचं उघडा. ‘छतगळतीबाबत चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करावी असे सर्वानुमते ठरले.’ करायची कोणी? या वाक्यात माणूसच नाही. मग ते काम आपसूक कार्यवाहांच्या गळ्यात पडतं.

विषयपत्रिकेपासून बदला. ‘छतदुरुस्तीबाबत विचार करणे’ नको. ‘वॉटरप्रूफिंगच्या ३ दरपत्रकांपैकी एक मंजूर करणे’ असं लिहा आणि दरपत्रकं सभेच्या ७ दिवस आधी सगळ्यांना पोचवा. ठरावात सूचक-अनुमोदकाखाली आणखी एक ओळ: जबाबदारी कोणाची, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना तीच ओळ अध्यक्षांनी मोठ्याने वाचायची. रागवायची गरज पडत नाही. ऐनवेळच्या विषयात पैशाचा ठराव घेऊ नका, भांडणाचं मूळ तिथेच असतं.

कार्यवाह मात्र बदलाच.

द्राक्षपट्टा:
कार्यवाह लगेच बदलायला माझा विरोध. घटनेची प्रमाणित प्रत, शेड्यूल १ चा (न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा, ८०जी (देणगीवरच्या करसवलतीचं प्रमाणपत्र), जागेचे कागद कुठल्या फायलीत आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं. आधी सहकार्यवाह जोडून द्या, दोघांच्या सहीने कागदांची यादी करा, स्कॅन करा. किल्ल्यांचा दुसरा जोड त्याच दिवशी.

आता गणपूर्ती. घटनेत एक-तृतीयांश असेल तर ३१२ ला १०४ माणसं लागतात. त्या ३१२ मधले किती हयात आहेत? आजीव यादी वाढतच जाते, कमी कोणी करत नाही. मृत सभासदांची नावं वारसांचं पत्र किंवा दाखला घेऊन ठरावाने कमी करा. पण ‘येत नाहीत’ म्हणून जिवंत माणसाचं नाव नोटिशीशिवाय काढलंत तर कोर्टकचेरी ठरलेली. निवडणुकीच्या तोंडावर तर यादीला हातच लावू नका.

वेळही बघा. हिशेब वर्ष संपल्यावर ६ महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत तपासून व्हायला हवेत. म्हणून सभा गणपती-पितृपक्षात सापडते किंवा ऑक्टोबरात ढकलली जाते. तेव्हा निफाड-दिंडोरीकडचे सभासद द्राक्षांच्या छाटणीत गुंतलेले. ऑडिटरला कागद एप्रिलातच द्या, सभा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बसते.

गोदाकाठ:
वर्गणीदार सभासदही ४० आहेत, निम्म्यांची थकबाकी. त्यांना मतदान?

ताळेबंद:
संस्था नोंदणी कायदा कलम १५: वर्गणी ३ महिन्यांहून जास्त थकली असेल तर मत नाही, आणि सभासद म्हणून गणतीही नाही. म्हणजे गणपूर्तीच्या आकड्यातूनही ते वजा. थकबाकीची यादी नोटिशीबरोबरच फलकावर लावा. सभेच्या दारात पावतीपुस्तक घेऊन बसायची प्रथा असेल तर ती बंद करा. तिथे फाडलेली प्रत्येक पावती पुढे कोणाच्या तरी हरकतीला जोडलेली सापडते.