मदत हवी आहे: एक रकमन की दोन?

मंडळी, मेलबर्नमध्ये फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) खेळलेलं कोणी आहे का इथे? मुलाच्या हौशी संघाच्या निवडीला यंदा मीही बसतो आणि शनिवारच्या १८ जणांवरून घोडं अडलंय.

आमच्याकडे दोन ताडमाड पोरं आहेत. पहिला रकमन (पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू) पक्का. पंचाने चेंडू वर उडवला की टॅप, म्हणजे चेंडू आपल्या पोरांकडे टोलवणं, बहुतेक त्याचाच. दुसऱ्याला फॉरवर्डमध्ये ठेवून मधूनमधून रकला आणावं, असं कोचचं म्हणणं. पण गेल्या सामन्यात त्याचा गोलसमोर मार्क (लाथेने आलेल्या चेंडूचा झेल) सुटला, चेंडू खाली पडला आणि हा वळेपर्यंत समोरच्या संघाचा बचावपटू चेंडू घेऊन पसार! तिथे एखादा बुटका, चपळ पोरगा असता तर टॅकल तरी केला असता.

२०२३ मध्ये व्यावसायिक मेलबर्न क्लबने त्यांचा रकमन मॅक्स गॉनच्या जोडीला दुसरा रकमन ब्रॉडी ग्रंडी आणला होता. तेही जमलं नाही, वर्षअखेरीस ग्रंडी सिडनी क्लबकडे गेला. तिथे आमची काय कथा!

एकच रकमन ठेवावा तर चौथ्या क्वार्टरला त्याला धाप लागते. मग त्याला दम खायला मिळावा म्हणून अर्धवेळ रक कोणाला करता तुम्ही? सेंटर हाफ फॉरवर्डला (पुढच्या फळीतल्या मधल्या खेळाडूला) रकला पाठवलं तर चालतं का? शनिवारी पाऊसही सांगितलाय. गुरुवारी सरावानंतर नावं द्यायची आहेत.