मदत हवी आहे : चंदू सरवटेंच्या होळकर संघातल्या दिवसांबद्दल

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी क्रिकेटपटू चंदू सरवटेंवर लेख लिहितोय. १९४६ चा भारतीय संघाचा लंडनच्या ओव्हलवरचा सामना तोंडपाठ आहे: सरे या इंग्लिश काउंटीविरुद्ध नववी विकेट पडली तेव्हा धावा २०५, मग दहाव्या-अकराव्या नंबरच्या सरवटे (नाबाद १२४) आणि शुटे बॅनर्जी (१२१) यांची २४९ ची भागी. नऊ कसोट्यांचे आकडेही आहेत. पण खरा अष्टपैलू दिसतो तो सी. के. नायडूंच्या इंदूरच्या होळकर संघात, चार रणजी करंडक जिंकणाऱ्या. नेमकं तिथेच माझं घोडं अडलंय.

ऑनलाइन स्कोअरकार्डं पाहून झाली. त्यातून धावा-बळी कळतात. त्यांचा लेगस्पिन कसा पडायचा, कर्णधार चेंडू कधी हातात द्यायचा, हे नाही. इथल्या वाचनालयात त्या काळचे क्रीडावृत्तांत नाहीत. इंग्रजी पुस्तकं सुचवू नका, चाळून झालीत. मी नागपूरला असतो, इंदूरला एखादी चक्कर जमेल. मजकूर गणपतीपर्यंत द्यायचाय.

१९४५ ते १९५३ मधल्या होळकरच्या रणजी सामन्यांचे मराठी किंवा हिंदी वृत्तांत, म्हणजे वर्तमानपत्रांचे जुने बांधीव अंक, इंदूर, पुणे वा मुंबईत नक्की कुठे बघायला मिळतात, आणि तिथे मोबाइलवर फोटो काढू देतात का?