घर बांधताना माल निवडायचा आहे: कुठे हात आखडता घेऊ आणि कुठे नको?

उंबरठा
तळमजला अधिक एक मजला, आरसीसी फ्रेम, विटांच्या भिंती. पाया झाला आहे. आता स्लॅब, प्लंबिंग आणि वायरिंगची खरेदी ठरवायची आहे, पण सगळीकडे वरच्या दर्जाचा माल परवडणार नाही. कंत्राटदाराचं म्हणणं, ब्रँड चांगला घेतला की झालं. खरं आहे का?

खडीवाळू
अर्धंच खरं. उत्तम सिमेंटसुद्धा जास्त पाण्याने वाया जातं. ५० किलोच्या गोणीला २२ ते २५ लिटर पाणी पुरे, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. काँक्रीट सहज सरकावं म्हणून मजूर आणखी अर्धी बादली ओततात. ते जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात. ताकद घटते आणि ओल सळईपर्यंत पोहोचते. काँक्रीट पातळ हवं असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सरकतं करणारं रसायन) वापरा, पाणी नको.

गोणीवरची तारीख वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुना माल परत पाठवा. सळईखाली खडीचे तुकडे ठेवू देऊ नका, कव्हर ब्लॉकच (सळई आणि साच्यात अंतर राखणारे ठोकळे) हवेत. हे अंतर साधारण हवामानात स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०. समुद्राजवळ असाल तर इंजिनिअर हे आकडे वाढवून देईल. फ्लाय अॅशवालं (कोळशाची राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारा.

टाइल्स, बेसिन, नळ, दाराच्या मुठी यांत खुशाल काटकसर करा. पुढे बदलता येतात.

नहाणीट्रॅप
प्लंबिंगमध्ये पाइपपेक्षा सांधे दगा देतात. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिक पाइप) असेल तर सांध्याला सीपीव्हीसीचंच सॉल्व्हंट, म्हणजे चिकटद्रव, लावा; यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या पाइपचं) चालत नाही. पाइप काटकोनात कापा, कडेचा कीस काढा, आत घालताना पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सॉल्व्हंट थापून लावलं तर आत ओघळून पाइप मऊ पडतो. नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचे एल्बो घ्या, हा खर्च टाळू नका.

झिरी (पाइपसाठी भिंतीत मारलेली खाच) बुजवण्याआधी लाइनमधली हवा काढा, पाणी भरा आणि वापराच्या दीडपट दाब देऊन किमान तासभर दाबमापकाचा काटा उतरतो का पाहा. कॉम्प्रेसरच्या हवेने चाचणी मुळीच नको, प्लास्टिकचा पाइप फुटून तुकडे उडतात.

फेजन्यूट्रल
एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) उपकरणाचं नाही, वायरीचं रक्षण करतो. दिव्यांना १.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि १० अँपिअरचा एमसीबी, सॉकेटला २.५ आणि १६, एसीला ४ आणि २०. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी ३२ चा बसवतात, मग एमसीबी पडत नाही, वायर मात्र आतल्या आत जळते.

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) हवाच. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झाले तर तो विनाकारण पडत राहतो आणि शेवटी कुणीतरी काढून टाकतो. न्यूट्रल आधीपासूनच वेगळे ठेवायला सांगा. आणि झिऱ्या विटांतच मारा. कॉलम-बीमला छिन्नी लावू देऊ नका.

उंबरठा
आभारी आहे. बाथरूमची गळती चाचणी टाइल्स लावल्यावर घेऊ असं कंत्राटदार म्हणतो. चालेल?

नहाणीट्रॅप
नाही. तेव्हा गळती सापडली तर टाइल्स फोडाव्या लागतात. क्रम असा: भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात गोल वाटा (मसाल्याची गोलाई), पाइपभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने बंद, मग पॉलिमर-सिमेंटच्या जलरोधक लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर ३०० मिमी, शॉवरपाशी १८०० मिमीपर्यंत चढवा. लेप वाळल्यावर ट्रॅप (जमिनीतलं पाणी जाण्याचं तोंड) बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालून स्लॅब पाहा. ओल दिसली तर सर्वांत आधी पाइपभोवतीच शोधा. टाइल्सखालच्या थराला ट्रॅपकडे १:८० उतार हवा. एकट्या टाइल्सने उतार काढला तर खाली झिरपलेलं पाणी तिथेच मुरत बसतं.