ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: आंबा घाटात ११२ डिग्री. कुठला रेडिएटर घेऊ?

घाटकरी, कोल्हापूर

मंडळी, गाडी २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस. शोरूममधून आली तेव्हा १५० पीएस (अश्वशक्ती). आता मोठा के०४ टर्बो, मोठे इंजेक्टर, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग) आणि बंपरच्या तोंडाशी भला मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी). डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) चाकांना २१० पीएसच्या आसपास मिळाले. नाद केलाय, आता निस्तरायलाही मलाच पाहिजे.

गेल्या रविवारी साखरप्याहून आंबा घाट चढत होतो. दुपारचा दीड, गाडीत चौघं, एसी चालू. डॅशवरचा काटा ९० वर गप्प. पण ओबीडीचा डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा) लावलेला होता, त्यावर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ९८, १०४, १०९ आणि वर पोचेपर्यंत ११२. एसी बंद करून हीटर फुल्ल मारला, इंजिनची उष्णता आत ओढायला. मागे बसलेल्या मेहुण्यानं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

शहरात ट्रॅफिकमध्ये ९५ च्या वर जात नाही. कूलंट कमी होत नाही, ऑइल स्वच्छ.

समोर तीन पर्याय आहेत. मूळ मापाचा प्लॅस्टिक टाक्यांचा नवा, ऑनलाइन मिळणारा ५२ मिमी जाड पूर्ण ॲल्युमिनियमचा, नाहीतर शिरोली एमआयडीसीत एक जण कोरला, म्हणजे मधल्या नळ्या-जाळीला, कडेच्या टाक्या टिग वेल्डिंगनं बसवून देतो म्हणतोय तो. मन ५२ वर आहे. जाड म्हणजे जास्त थंड, बरोबर ना?

टर्बोतात्या, नाशिक

मी घातला होता जाड कोर, दुसऱ्या गाडीत. मूळ पंखा बसेना म्हणून काउल (पंख्याभोवतीचं आवरण) काढून दोन बारीक पंखे लावले. हायवेला मस्त, पण सिग्नलला पहिल्यापेक्षा जास्त तापायला लागली. मागे किती जागा आहे ते आधी मोज.

कोरवाला, सांगली

भावा, पैसे काढायच्या आधी बंपर काढ.

वडिलांचं रेडिएटरचं दुकान होतं, मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं) केलंय. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: उभ्यानं तापते की पळताना? उभ्यानं तापली तर पंखा आणि काउल बघायचं. चढाला तापली तर आधी हवा आत शिरतेय का, मग पंप पाणी फिरवतोय का, आणि कोर लहान पडतोय का हे सगळ्यात शेवटी.

तुझ्या गाडीत मुळात इंटरकूलर चाकाच्या कमानीत, बाजूला होता. आता तो सगळ्यात पुढे आला. त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर. तिसऱ्या पंगतीला बसणाऱ्याच्या पानात काय उरणार? पोचते ती हवाही तापलेली. शिवाय हवा आळशी. बाजूला फट दिसली की जाळीतून जायचं सोडून तिथून निसटते.

५२ मिमीचं म्हणशील तर मागच्या अर्ध्या कोरला पुढच्या अर्ध्यानं तापवलेलीच हवा मिळते, आणि जाळी दाट असेल तर तेवढीही शिरत नाही. ट्रॅकवर दीडशेच्या वेगात वारा ती ढकलतो. घाटात तू दुसऱ्या गिअरला चाळीसनं चढतोस, बूस्ट (टर्बोचा दाब) पूर्ण. तुला कुठला वारा?

थंड थर्मोस्टॅट (रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप, कमी तापमानाला उघडणारी) टाक म्हणणारेही भेटतील. तो फक्त लवकर उघडतो. एकदा पूर्ण उघडला की पुढचं सगळं रेडिएटरवर.

आणि बूस्ट वाढवलायस, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) एकदा तपास. एक्स्पान्शन टाकीच्या तोंडावर निळं रसायन धरतात, ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं होतं.

घाटकरी, कोल्हापूर

काका, शनिवारी बंपर काढला. लाज वाटली.

वरून काहीच दिसत नव्हतं. पुढची चौकट बोल्ट ढिले करून पुढे ओढली तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे उसाच्या तुऱ्यांचा कापूस, धूळ आणि किडे मिळून गोधडी झालेली सापडली. वहीच्या पानाएवढा तुकडा अख्खा सोलून निघाला. प्रेशर वॉशरनं जाळी झोपली असती, म्हणून मागच्या बाजूनं साधी नळी धरून अर्धा तास बसलो. चिखलाचं पाणी थांबेचना.

दुसरं म्हणजे इंटरकूलर बसवणाऱ्यानं बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढून टाकल्यात. दोन्हीकडे चार-चार बोटं फट. १ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून लावला, कडेनं फोम चिकटवला. निळं रसायन निळंच राहिलं.

काल तोच घाट, तीच वेळ, एसी चालू. जास्तीत जास्त १०३. मेहुणा आला नाही, तेवढं वजन कमी धरा.

रेडिएटर तरीही घेणार, कारण धुताना टाकीच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. वीस वर्षांचं प्लॅस्टिक. शिरोलीवाल्याकडून ४० मिमीचा करून घेऊ का?

कोरवाला, सांगली

मूळ पंखा आणि काउल तसंच बसत असेल तर ४० चालेल. जाळी फार दाट नको, पाचटाच्या मुलखात ती आधी तुंबते.

टाक्या वेल्डच असू देत, इपॉक्सीनं चिकटवलेल्या घेऊ नकोस. कोर हौदात बुडवून दोन बार हवा तुझ्यासमोर मारायला सांग. एक बुडबुडा दिसला तरी परत कर. सेन्सरचं भोक आणि वरच्या रबरी बुशांच्या जागा आधी बघून घे, नंतर टाकीला ड्रिल लावायची वेळ येते. कूलंट सध्या गुलाबी आहे ना? त्यात हिरवं मिसळू नकोस, चिखल होतो.

जुना लगेच भंगारात घालू नकोस. मापं त्यावरूनच घ्यावी लागतील.